पंख्याविना उडणारें विमान
(सर फ्रँक व्हिटल यांचें चरित्र व कार्य)

विमानाचा शोध कोणीं लाविला असा प्रश्न केल्यास राइट बंधूंचें नांव सांगणार नाहीं असा विद्यार्थी आमच्या शाळेंत क्वचितच आढळेल. परंतु ज्या विमानांत बसून आज लोक मुंबईहून लंडनला एका रात्रींत जाऊन पोंचतात, त्या विमानाचें इंजिन प्रथम कोणाच्या डोक्यांतून निघालें असें विचारलें, तर वरच्या वर्गांतील हुशार मुलेंही एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. राइट बंधूंचें विमान उघड्या पंख्यानें चाले. पंखा हवा मागें लोटी आणि विमान पुढें सरके. जेट विमानाची गोष्ट निराळी. त्याच्या पोटांत अखंड जाळ पेटलेला असतो व त्या जाळाच्या झोतानेंच तें पुढें ढकललें जातें. ही कल्पना इंग्लंडांत ज्यानें मांडली तो कोणी मोठा प्रोफेसर नव्हता, कीं कारखानदार नव्हता. तो बावीस वर्षांचा एक लष्करी वैमानिक होता. त्याचें चरित्र विद्यार्थ्यांनीं वाचावें, आणि त्यांच्या पालकांनींही वाचावें, असें आम्हांस वाटतें.

कॉव्हेंट्री शहराच्या अर्ल्सडन भागांत 1 जून 1907 रोजीं फ्रँक व्हिटल याचा जन्म झाला. वडील मोझेस व्हिटल हे लहानपणींच लँकेशायरच्या कापडगिरणींत कामाला लागलेले. शाळेचा लाभ त्यांना फारसा झाला नव्हता, पण हात कुशल आणि डोकें कल्पक होतें. 1916 सालीं त्यांनीं लेमिंग्टन येथें एक लहानसा कारखाना विकत घेतला. इंजिनाच्या झडपा व दट्ट्यांचीं कडीं तेथें तयार होत. चार-दोन लेथ आणि एक गॅस इंजिन एवढीच काय ती सामग्री. नऊ-दहा वर्षांचा फ्रँक तेथें नगावर मजुरी घेऊन काम करी. पुढें धंदा बसला व घरांत ओढाताण सुरू झाली. फ्रँक स्कॉलरशिप मिळवून हायस्कुलांत गेला होता. परंतु गृहपाठाचा त्याला मनापासून कंटाळा. (ही गोष्ट आम्ही थोड्या नाखुषीनेंच सांगत आहों.) मात्र गांवच्या सार्वजनिक वाचनालयांत तो तासन् तास बसे. वाफेचीं टर्बाइनें, विमानें, इंजिनें यांवरचीं पुस्तकें त्यानें तेथें कोणी न सांगतां वाचून काढलीं.

पंधराव्या वर्षीं त्यानें रॉयल एअर फोर्समध्यें शिकाऊ कारागीर म्हणून जाण्याचें ठरविलें. लेखी परीक्षा उत्तम रीतीनें पास होऊन 1923 च्या जानेवारींत तो हॉल्टन येथील केंद्रांत हजर झाला, आणि दोन दिवसांत परत घरीं आला. त्याची उंची भरली अवघी पांच फूट, आणि छातीचें मापही कमी! वैद्यकीय तपासणींत तो नापास झाला होता.

येथें एका अज्ञात मनुष्याची गांठ पडते. हॉल्टनच्या एका कवायत-शिक्षकाला या हिरमुसलेल्या मुलाची दया आली. त्यानें त्याला कोणता व्यायाम करावा व काय खावें याची एक यादी लिहून दिली. फ्रँकनें घरीं जाऊन ती यादी धर्मग्रंथासारखी पाळली. सुमारें सहा महिन्यांत उंची तीन इंच वाढली, छाती तीन इंच वाढली. मोठ्या आशेनें त्यानें पुनः अर्ज केला. उत्तर आलें कीं, एकदां नाकारलेल्या उमेदवाराचा पुनः विचार होत नाहीं. तेव्हां त्यानें, जणूं काय आपण पहिल्यानेंच अर्ज करीत आहों अशा थाटानें, सर्व कागद नव्यानें भरून पाठविले, पुनः लेखी परीक्षा दिली, पुनः तपासणी करून घेतली, आणि त्या वर्षाच्या सप्टेंबरांत तो क्रॅनवेल येथील शाळेंत दाखल झाला. अर्ज भरण्याची ही तऱ्हा आमच्या विद्यार्थ्यांनीं गिरवावी असें आम्ही मुळींच सुचवीत नाहीं. परंतु मोजपट्टीनें माणूस मोजण्याचा नियम एकदां केला, म्हणजे मनुष्य वाढतो ही गोष्ट नियम करणारे विसरून जातात, एवढें मात्र म्हटल्याशिवाय राहवत नाहीं.

क्रॅनवेलला तीन वर्षें तो विमानाचा सांगाडा जोडण्या-दुरुस्त करण्याचें काम शिकला. लष्करी शिस्त त्याला जाचे. त्याचें मन रमे तें तेथल्या विमानांच्या प्रतिकृति करणाऱ्या मंडळांत. त्या प्रतिकृति व त्याचें गणित पाहून वरिष्ठांनीं 1926 सालीं त्याची शिफारस अधिकाऱ्यांच्या कॉलेजसाठीं केली. शेंकडों शिकाऊ मुलांतून केवळ पांचांची निवड व्हावयाची होती; फ्रँकचा नंबर लागला सहावा. तेवढ्यांत वरच्यांपैकीं एक जण वैद्यकीय तपासणींत मागें पडला, व त्याची जागा याला मिळाली! ज्या दारानें याला एकदां बाहेर घालविलें होतें, त्याच दारानें आतां आंत घेतलें. कॉलेजांत विमान चालविण्याचें शिक्षण मिळे. आठ तासांच्या शिकवणीनंतर, 1927 सालीं, त्यानें एकट्यानें विमान उडविलें. तो वैमानिक म्हणून निष्णात होता, पण धाडस थोडें जास्तच. फाजील आत्मविश्वासाबद्दल त्याच्या नोंदवहींत तांबड्या शाईचे शेरे पडले.

या कॉलेजांत प्रत्येक विद्यार्थ्याला एक निबंध लिहावा लागे. एकवीस वर्षांच्या व्हिटलनें 1928 सालीं विषय निवडला तो विमानांच्या भावी सुधारणांचा. त्या वेळीं इंग्लंडचीं लढाऊ विमानें ताशीं दीडशें मैलांच्या आसपास उडत. व्हिटलनें लिहिलें कीं, पुढील काळीं विमानें ताशीं पांचशें मैल वेगानें व फार मोठ्या उंचीवरून जातील. ही भविष्यवाणी नव्हती, सरळ हिशेब होता. आपण हवेला कांहीं नाहीं असें समजतों. परंतु वेगानें जाणाऱ्याला ती भिंतीसारखी आडवी येते. उंच गेलें कीं हवा विरळ होते. चाळीस हजार फुटांवर तिची घनता समुद्रसपाटीच्या सुमारें चौथाई राहते. तेथें अडथळा कमी, म्हणजे वेग अधिक. मग सगळींच विमानें तेथें कां जात नसत? कारण दट्ट्याच्या इंजिनाला जळणासाठीं हवा लागते आणि पंख्याला लोटण्यासाठींही हवाच लागते. जी विरळ हवा विमानाला मोकळी वाट देते, तीच इंजिनाचा श्वास कोंडते व पंख्याचें बळ हरण करते. तेव्हां पंखा नसलेलें व विरळ हवेंतही दम न सोडणारें कांहीं तरी इंजिन हवें होतें. वैमानिकाला पडलेला प्रश्न असा होता. त्याचें उत्तर शोधण्यास इंजिनियर लागणार होता, आणि सुदैवानें ते दोघे एकाच टोपीखालीं होते.

येथपर्यंत आम्ही त्याला ‘तो’ म्हणत आलों. आतां तो अधिकारी झाला, तेव्हां योग्य तो मान देऊन पुढची कथा सांगूं.

कॉलेजांतून दुसऱ्या क्रमांकानें बाहेर पडून व्हिटल एका लढाऊ तुकडींत रुजू झाले. 1929 सालीं उड्डाण-शिक्षकाचें काम शिकण्यासाठीं त्यांस विटरिंग येथें पाठविण्यांत आलें. आरंभीं त्यांची कल्पना अशी होती कीं, विमानाच्या पोकळ धडांत दट्ट्याच्या इंजिनानें एक फिरतें चक्र चालवावें व हवा मागें फेंकावी. पण हिशेब करतां करतां दिसून आलें कीं, इंजिनाचें ओझें तसेंच राहतें व पदरीं कांहींच पडत नाहीं. त्या वर्षाच्या अखेरीस विटरिंगला असतां त्यांच्या मनांत आलें : दट्ट्याचें इंजिन हवेंच कशाला? त्याच्या जागीं टर्बाइन ठेवलें तर?

ही युक्ति आपण लोहाराच्या भट्टीवरून समजून घेऊं. भट्टींत भाता हवा भरतो, कोळसा रसरसतो, ज्वाळा वर येते. आतां अशी कल्पना करा कीं, भाता म्हणजे एक वेगानें फिरणारें चक्र आहे. तें समोरून हवा ओढतें व दाबून मागें भट्टींत लोटतें. भट्टींत तेलाचा फवारा सतत जळत असतो. दाबलेली हवा तापून प्रचंड फुगते व मागें जाऊं पाहते. तिच्या वाटेवर जत्रेंतल्या भिंगरीसारखें दुसरें एक पात्यांचें चक्र ठेवलें आहे. यालाच टर्बाइन म्हणतात. भिंगरी व भाता यांचा कणा एकच. भिंगरी फिरली कीं भाता फिरतो. म्हणजे भाता हालविण्यास निराळा मनुष्य ठेवावा लागत नाहीं, भट्टीची धगच तें काम करते. आणि एवढें करूनही त्या तप्त हवेंत जें बळ शिल्लक राहतें, तें मागच्या निमुळत्या नळ्यांतून झोतानें बाहेर पडतें. फुगा फुगवून तोंड न बांधतां सोडून दिला तर तो जसा उलट्या दिशेनें धांवतो, तसें विमान पुढें धांवतें. पुष्कळांची समजूत असते कीं, हा झोत मागच्या हवेवर आपटून विमानाला ढकलतो. तसें नाहीं. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणें, हवा मागें फेंकण्याच्या क्रियेंतच पुढें जाण्याची प्रतिक्रिया आहे. मागें कांहीं असो वा नसो. ज्यांचा हा नियम केवळ पाठ आहे त्यांनीं दिवाळींतला बाण उडतांना पाहून तो एकदां समजूनही घ्यावा.

व्हिटल यांनीं ही योजना हवाई खात्यापुढें मांडली. तेथें ए. ए. ग्रिफिथ नांवाचे टर्बाइनांचे मोठे अभ्यासक होते. त्यांनीं व्हिटल यांच्या हिशेबांतील एक चूक दाखविली आणि योजना व्यवहार्य नाहीं असें मत पडलें. ग्रिफिथ यांस दोष देण्याची पद्धत पडून गेली आहे. आम्हांस ती सर्वस्वीं न्याय्य वाटत नाहीं. त्या काळची धातु ती धग सोसणारी नव्हती, आणि फिरत्या चक्रानें हवा दाबण्याची कलाही बाल्यावस्थेंत होती. व्हिटल यांस हवा चौपट दाबावयाची होती. तेव्हांचीं एकेरी चक्रें दुपटी-अडीचपटीपुढें सहसा जात नसत. दोष असेल तर तो एवढाच कीं, आज जें होत नाहीं तें दहा वर्षांनीं होईल काय, हा प्रश्न कोणीं विचारला नाहीं.

विटरिंगचे एक शिक्षक, जॉन्सन, हे पूर्वी पेटंटचें काम केलेले होते. त्यांच्या साहाय्यानें व्हिटल यांनीं 16 जानेवारी 1930 रोजीं पेटंटसाठीं अर्ज केला. पेटंट म्हणजे आपल्या शोधावर सरकारनें दिलेला मालकीहक्क. लष्करी अधिकाऱ्याचा शोध गुप्त ठेवण्याचा अधिकार खात्याला होता; परंतु खात्याला त्याचें महत्त्व वाटलें नाहीं, व पेटंट रीतसर प्रसिद्ध झालें. त्यानंतर जगांतील कोणत्याही देशाला तें विकत घेऊन वाचतां येत होतें.

पुढील चार-पांच वर्षें कारखानदारांचे उंबरठे झिजविण्यांत गेलीं. कोणाला पैसा घालण्याची हिंमत नव्हती. मंदीचे दिवस होते. पण व्हिटल रिकामे बसले नाहींत. फेलिक्सस्टोव्ह येथें त्यांनीं पाण्यावरच्या विमानांचे परीक्षक-वैमानिक म्हणून काम केलें. जहाजावरून यांत्रिक गोफणीनें विमान फेंकण्याचे प्रयोगही केले. मग हेन्लोच्या इंजिनियरिंग अभ्यासक्रमांत शेंकडा 98 गुण मिळविले. तें पाहून विमानदलानें त्यांस 1934 सालीं केंब्रिजच्या पीटरहाउस कॉलेजांत पाठविलें, व तेथें दोनच वर्षांत यंत्रशास्त्राची पदवी-परीक्षा ते पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाले. तेव्हां ते विवाहित होते व दोन लहान मुलांचे वडील होते. ज्या संस्थेच्या एका शाखेनें त्यांचा शोध झिडकारला, तिच्याच दुसऱ्या शाखेनें त्यांस असें घडविलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

केंब्रिजला असतांनाच ती पांच पौंडांची घटना घडली. 1935 च्या जानेवारींत पेटंट चालू ठेवण्यासाठीं पांच पौंड फी भरावयाची होती. आपल्याकडील त्या वेळच्या दरानें हे सुमारें 67 रुपये होतात. संसारी विद्यार्थ्याच्या खिशाला ते जड होते. हवाई खात्यानें पत्रानें कळविलें कीं, सरकारी खर्चानें ही फी भरतां येणार नाहीं. पेटंट रद्द झालें. जगाच्या प्रवासाची रीत ज्यानें बदलली, तो शोध असा बेवारशी होऊन कांहीं काळ रस्त्यावर पडला. पालकवर्गापैकीं ज्यांना मुलांच्या फीची तारीख चुकल्याची चुटपुट ठाऊक आहे, त्यांना व्हिटल यांच्या मनाची त्या दिवशींची स्थिति निराळी सांगावयास नको.

परंतु त्याच वर्षाच्या मे महिन्यांत जुने क्रॅनवेलचे सहाध्यायी डडले-विल्यम्स यांचें पत्र आलें. ते व त्यांचे भागीदार टिनलिंग, दोघेही माजी वैमानिक, पैसा उभा करण्यास तयार होते. नवीं पेटंटें घेण्यांत आलीं आणि 1936 च्या मार्चमध्यें पॉवर जेट्स ही कंपनी निघाली. आरंभीं दोन हजार पौंड हातीं आले. व्हिटल हे चालू नोकरींतील अधिकारी असल्यामुळें त्यांनीं कंपनीचें काम आठवड्यांतून सहा तासांहून अधिक करूं नये, अशी अट घालण्यांत आली! ही अट लिहिणाऱ्या कारकुनास संशोधक म्हणजे काय चीज असते याची कल्पना नसावी.

रग्बी येथील एका मोठ्या टर्बाइनच्या कारखान्यांत पहिलें इंजिन बांधलें गेलें. त्यांतील भात्याच्या चक्राचा व्यास 19 इंच, आणि फेरे मिनिटाला 17,750. चक्राची कड सेकंदाला जवळजवळ 1,470 फूट धांवणार, म्हणजे आवाजालाही मागें टाकणार. सेकंदाला 26 पौंड हवा त्यांतून जाणार. जाळाची अडचण सर्वांत मोठी. तेवढ्या लहान जागेंत तेवढा जाळ करावयाचा तर तो त्या काळच्या भट्ट्यांच्या निदान वीसपट तीव्र हवा. पुष्कळ कंपन्यांनीं हें ऐकूनच नकार दिला. 12 एप्रिल 1937 रोजीं इंजिन पहिल्यानें चालविण्यांत आलें. तें सुरू झालें, आणि मग वेगाचा आवाज एकसारखा चढूं लागला. व्हिटल यांनीं तेलाची झडप बंद केली तरी वेग थांबेना. भोंवतालची मंडळी जीव घेऊन पळालीं. व्हिटल एकटे यंत्रापाशीं उभे राहिले. पुढें त्यांनीं याचें श्रेय घेतलें नाहीं. भीतीनें आपले पाय जागचे हललेच नाहींत असें प्रांजळपणें सांगितलें. शेवटीं इंजिन आपोआप मंदावलें. शोध करतां असें आढळलें कीं, आधींच गळलेलें तेल जळण्याच्या नळकांड्यांत सांचलें होतें व झडप बंद केल्यावर तें जळत राहिलें होतें. दोष सांपडला तसा दूर केला. मग दुसरा दोष निघाला, मग तिसरा. पातीं तुटत, जाळ एका अंगास होई, चक्र घांसे. पैसा इतका थोडा कीं, तुटलेल्या इंजिनाचे तुकडे वापरून पुढचें इंजिन बांधावें लागे. जाळाचें कोडें सुटलें तें 1940 सालीं, शेल कंपनीच्या लबक यांनीं सुचविलेल्या तेलाच्या सूक्ष्म फवाऱ्यानें. आणि पात्यांसाठीं निमॉनिक नांवाची निकेलची नवी मिश्रधातु तयार झाली ती त्याच सुमारास.

इकडे हें चाललें असतां जर्मनींत हान्स फॉन ओहाइन नांवाचा तरुण पदार्थविज्ञानवेत्ता स्वतंत्रपणें त्याच वाटेनें जात होता. तो व्हिटल यांच्याहून चार वर्षांनीं लहान. पण त्याला हाइंकेल यांच्यासारखा धनवान विमान-कारखानदार पाठीराखा मिळाला. काम मागून सुरू होऊनही पुरें आधीं झालें. 27 ऑगस्ट 1939 रोजीं, महायुद्ध सुरू होण्यास पांच दिवस असतां, हाइंकेलचें जेट विमान उडालें. जगांतील पहिलें जेट विमान तें.

इंग्लंडांत खात्याचे शास्त्रीय संशोधनाचे प्रमुख डॉ. पाय हे 1939 च्या जूनअखेर इंजिन पाहावयास आले. त्यांच्यासमोर तें वीस मिनिटें बिनतक्रार चाललें. त्यांचें मत पालटलें व लगेच विमानांत बसविण्याजोग्या इंजिनाची मागणी नोंदविण्यांत आली. विमान बांधण्याचें काम ग्लॉस्टर कंपनीकडे गेलें. तें उडविण्यासाठीं लांब धांवपट्टी असलेला तळ हवा होता, म्हणून क्रॅनवेल निवडण्यांत आलें. शिकाऊ कारागीर म्हणून ज्या मैदानावर फ्रँकनें विमानें दुरुस्त केलीं होतीं तेंच क्रॅनवेल. 15 मे 1941 ची ती संध्याकाळ. वैमानिक सेयर यांनीं पावणेआठच्या सुमारास विमान वर नेलें. पंखा नाहीं, दट्ट्याची धडधड नाहीं. सतरा मिनिटें आकाशांत फिरून तें सुखरूप उतरलें. इंजिनाचा रेटा होता सुमारें 850 पौंड. थोड्याच दिवसांत तें विमान पंचवीस हजार फुटांवर ताशीं 370 मैल जाऊं लागलें.

येथें कथा संपती तर किती बरें झालें असतें! पण यंत्र जन्मास घालणें निराळें आणि हजारोंनीं बांधणें निराळें. युद्धाची घाई होती. इंजिनें बांधण्याचें काम रोव्हर कंपनीकडे सोंपविलें गेलें, व रचना कोणीं बदलावी यावरून तिचे इंजिनियर व व्हिटल यांचा तीव्र झगडा झाला. 1943 सालीं रोल्स-रॉइसनें तें काम हातीं घेतल्यावर गाडें रुळावर आलें. मित्रराष्ट्र म्हणून अमेरिकेस एक इंजिन व सर्व नकाशे 1941 मध्येंच देण्यांत आले होते. तेथें त्यांवरून बांधलेलें जेट विमान 1942 च्या ऑक्टोबरांत उडालें देखील. 1944 च्या जुलैंत ग्लॉस्टर मीटियर हें जेट विमान इंग्लंडच्या विमानदलांत दाखल झालें, व लंडनवर येणारे उडते बॉम्ब पाडण्याच्या कामीं आलें.

या सर्वांची किंमत व्हिटल यांच्या शरीरानें दिली. दिवसा जागें राहण्यासाठीं एक औषध, रात्रीं झोप यावी म्हणून दुसरें. वजन घटत गेलें. 1940 च्या अखेरीस त्यांची प्रकृति एकदां कोसळली होती. 1944 सालीं सहा महिने इस्पितळांत काढावे लागले. त्याच वर्षीं सरकारनें पॉवर जेट्स कंपनी ताब्यांत घेतली. ही सूचना मुळांत व्हिटल यांचीच. जनतेच्या पैशानें वाढलेला हा सारा उद्योगच राष्ट्राचा व्हावा असें त्यांचें म्हणणें होतें, आणि म्हणून त्यांनीं आपले सुमारें 47 हजार पौंडांचे भाग सरकारला देऊं केले. सरकारनें घेतली ती मात्र फक्त त्यांची कंपनी; मोठे कारखाने जसेच्या तसे राहिले. पुढें तिचें रूपांतर केवळ संशोधनसंस्थेंत झाल्यावर 1946 च्या जानेवारींत त्यांनीं राजीनामा दिला. या बाबतींत व्हिटल व्यवहारांत भाबडे ठरले असें कोणी म्हणेल. आम्ही त्यास भाबडेपणा म्हणण्यास तयार नाहीं.

1948 सालीं, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं, प्रकृतीच्या कारणास्तव ते एअर कमोडोर या हुद्द्यावरून सेवानिवृत्त झाले. त्याच वर्षीं त्यांस शोधकांच्या मंडळानें एक लाख पौंड बक्षीस दिलें व राजाकडून ‘सर’ हा किताब मिळाला. योगायोग असा कीं, भारतीय वायुदलांत व्हँपायर हीं पहिलीं जेट विमानें आलीं तींही 1948 मध्यें, आणि त्यांचें इंजिन हॅलफर्ड यांनीं व्हिटल यांच्याच धर्तीच्या एकेरी भात्यावर रचलेलें होतें. एअर इंडियाचें पहिलें बोइंग जेट मुंबईस उतरलें तें 1960 सालीं.

निवृत्त झाले तरी इंजिनियर कोठें निवृत्त होतो? ब्रिटिश विमान-वाहतूक कंपनीस सल्ला देणें झालें. ‘जेट’ नांवाचें आत्मकथनपर पुस्तक 1953 सालीं लिहून झालें. मग तेलाच्या विहिरींकडे त्यांचें लक्ष गेलें. विहीर खणतांना हजारों फूट लांब नळ वरून फिरवावा लागे, व बरीचशी शक्ति त्या नळाला पीळ देण्यांतच खर्ची पडे. व्हिटल म्हणाले, टर्बाइन तळाशींच ठेवा, सामत्याला लागून. खणतांना जो पातळ चिखल खालीं सोडावा लागतो त्याच्याच जोरानें तें फिरूं द्या. यंत्र चांगलें चाललें, पण 1971 च्या सुमारास पैशाअभावीं तें काम थांबलें. हवा असो कीं चिखल असो, हा मनुष्य वाहत्या गोष्टीच्या वाटेंत भिंगरी धरूनच उभा राहिलेला दिसतो! 1976 सालीं ते अमेरिकेंत राहावयास गेले, अ‍ॅनापोलिस येथील नाविक विद्यालयांत संशोधक-प्राध्यापक झाले, आणि वायु-टर्बाइनांवर पाठ्यपुस्तक लिहिलें.

अमेरिकेंतच ओहाइन राहत होते. युद्धांत ज्यांच्या देशांनीं एकमेकांवर बॉम्ब टाकले, ते हे दोघे म्हातारपणीं स्नेही झाले. एकाच व्यासपीठावरून ते आपापल्या इंजिनाची हकीकत सांगत. 1991 सालीं इंजिनियरांच्या जगांतील फार मोठें असें ड्रेपर पारितोषिक दोघांस मिळून देण्यांत आलें.

9 ऑगस्ट 1996 रोजीं, वयाच्या एकुणनव्वदाव्या वर्षीं, मेरीलँड संस्थानांतील कोलंबिया येथें सर फ्रँक व्हिटल यांचें निधन झालें. त्यांची रक्षा विमानानें इंग्लंडांत आणून क्रॅनवेलच्या चर्चमध्यें ठेवण्यांत आली. 15 मे 1941 रोजीं जें विमान उडालें, तें आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्यें आहे. तें लहानसें आहे. त्याच्या नाकाशीं पंखा नाहीं. तेथें हवा आंत घेण्यासाठीं नुसतें एक वाटोळें भोंक आहे.